टाइल सुटत नाही, गिलावा सुटतो

भिंतीला टाइल लावण्याआधी जुना गिलावा तपासा, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर, गिलावा उतरवायला सांगणं म्हणजे गवंड्याचं बिल फुगवणं, गिलाव्यावर छिन्नीने टोचे मारले की सिमेंट-वाळूच्या मालात चार बाय दोन फुटांची टाइलही आरामात बसते, आणि सोलापूरच्या साखर पेठेतल्या तुमच्या घरी वडिलांनी लावलेल्या टाइल पंचवीस वर्षांत हललेल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. चिडून लिहिलंय, पण मुद्दा बिनबुडाचा नाही. म्हणून जरा सविस्तर.

सगळा गिलावा उतरवा असं मी म्हटलं नव्हतं. वाजवून बघा, म्हटलं होतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. ठणठणीत वाजेल तिथला राहू द्या. बद्द वाजेल तिथला काढा, घट्ट कड लागेपर्यंत काढा. मात्र भिंतीचा तिसरा हिस्सा पोकळ निघाला तर ठिगळं लावण्यापेक्षा सगळा उतरवलेला बरा, या मतावर मी ठाम आहे.

आता वजन. वडिलांच्या काळची आठ बाय बारा इंचांची सिरॅमिक टाइल जेमतेम किलोभर. आजची चार बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल, साधारण १५ किलोची. ऐकायला फरक प्रचंड, पण चौरस फुटामागे बघितलं तर सव्वा किलोच्या जागी दोन किलो, एवढाच. खरं ओझं मागच्या मालाचं असतं. २० मिलिमीटर जाड माल चौरस फुटाला साडेतीन-चार किलो भरतो, म्हणजे टाइलच्या जवळपास दुप्पट! तीच टाइल ५ मिलिमीटर ॲडहेसिव्हमध्ये, म्हणजे पोत्यात मिळणाऱ्या टाइल चिकटवायच्या तयार मालात, लावली तर मागचं ओझं एक किलोसुद्धा होत नाही. घट्ट गिलावा हे वजन सहज पेलतो. विटेपासून आधीच सुटलेला गिलावा मात्र टाइल घेऊनच खाली येतो. पडलेली टाइल उलटी करून बघा, मागे बहुतेक वेळा गिलाव्याचा पापुद्रा चिकटलेला असतो.

मागे काहीच चिकटलेलं नसेल, टाइलची पाठ कोरी असेल, तर कारण वेगळं. जुनी सिरॅमिक टाइल पाणी पिते, त्यामुळे सिमेंट तिच्यात मुरून पकड घेतं. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटला पकड मिळत नाही, ॲडहेसिव्ह लागतं. वडिलांच्या टाइल टिकल्या त्या याच गुणावर. तो हिशेब नव्या टाइलला लागू नाही. आयएस १५४७७ हे आपलं मानक ॲडहेसिव्हचे पाच प्रकार करतं, ते यासाठीच. पोत्यावरचा प्रकार वाचून घ्या, दुकानदार देईल ते उचलू नका.

ॲडहेसिव्ह पातळ, म्हणून भिंतीचा खड्डा झाकत नाही. गिलावा ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा आणि सपाट हवा, आणि तुम्हाला खुपणारा खर्च नेमका तिथे होतो.

सोलापूरची अडचण आणखी वेगळी. नळाला रोज पाणी नाही, म्हणून बांधकामाला सर्रास बोअरचं क्षाराचं पाणी. ते भिंतीत मुरतं, सुकतं, पांढरा शोरा फुलतो आणि गिलाव्याचं पीठ होतं. त्यावर पाणी मारून धुऊ नका, क्षार परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, आणि आधी गळका पाइप शोधा. पाइपला दाब देऊन तपासल्याशिवाय टाइलला हात लावू नये. जुन्या पेठांतल्या दगड-मातीच्या भिंतींवर सिमेंट धरतच नाही. सांधे कोरून, जाळी ठोकून मगच गिलावा. ऑइल पेंट असेल तर नुसते टोचे पुरत नाहीत, तोही खरवडावा लागतो, पुट्टी तर पूर्णच.

एप्रिल-मेमध्ये काम काढणाऱ्यांसाठी: चाळिशीपार उन्हात नवा गिलावा सकाळी लावला तर दुपारपर्यंत कोरडा पडतो. आठवडाभर पाणी मारा, मग वाळू द्या, मग वॉटरप्रूफिंग, मग टाइल. ‘काय होत नाही ओ साहेब, उद्याच लावू’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला दोन आठवडे दुसरीकडे पाठवा. आणि ॲडहेसिव्हवर मात्र पाणी मारायचं नसतं, हे त्याला आधीच बजावून ठेवा.

खर्च वाचवायचाय हे मान्य. मग छतापर्यंत टाइल लावू नका. सात फुटांवर थांबा, वर चांगला रंग द्या. गिलाव्यावरचे पैसे तिथून निघतील.