पर्माकल्चर घरात आणायचं तर आधी खरेदीची यादी बाजूला ठेवा

पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती आणि राहणी आखण्याची पद्धत. तिच्या बारा तत्त्वांचं ते गोल, रंगीत चित्र आता बरेच लोक भिंतीवर लावतात. मग पुढच्याच आठवड्यात घरात बांबूचे ब्रश येतात, नव्या बाटल्या येतात, पाच-सहा कापडी पिशव्या येतात आणि एक महागडा कंपोस्टर येतो. माझ्या मते घोडं पेंड खातं ते इथेच. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ही कल्पना उभी केली, १९७८ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं, आणि ती बारा तत्त्वं होल्मग्रेन यांनी २००२ मध्ये मांडली. त्यातलं पहिलंच तत्त्व निरीक्षणाचं आहे. काही विकत घ्या असं सांगणारं तत्त्व शोधून सापडणार नाही. कोणती वस्तू कुठे ठेवायची, कशाच्या शेजारी ठेवायची, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी कसं लावायचं, एवढाच या शास्त्राचा गाभा आहे.

तेव्हा पहिला महिना काहीही बदलू नका. फक्त मोजा.

सुरुवात विजेपासून करा, कारण तिथे मोजणं सगळ्यात सोपं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या आसपास 'इंपल्स प्रति युनिट' (imp/kWh) असा आकडा छापलेला असतो, समजा ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. आता घरातले दिवे, पंखे सगळं बंद करा, फ्रिज दहा मिनिटांसाठी बंद करा (दार न उघडता, काही बिघडत नाही), पण प्लगला लावलेली बाकी उपकरणं रोज असतात तशीच राहू द्या. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना छापील आकड्याने भागायचं आणि जे येईल त्याला सेकंदांनी भागायचं, की वॉट मिळतात. ३२०० च्या मीटरवर ते ११२५ भागिले सेकंद. दिवा २५ सेकंदांनी लुकलुकत असेल, तर 'सगळं बंद' असताना ४५ वॉट जाताहेत. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे कोणी काहीही न वापरता जवळजवळ ३९४ युनिटं गेली. मग एकेक प्लग काढत जा आणि चोर पकडा. बहुतेकदा तो टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, जुना स्पीकर किंवा रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टर असतो. उपाय म्हणून स्विच असलेला एक्स्टेंशन बोर्ड पुरतो.

पाण्याचंही तसंच. गळक्या नळाखाली दहा मिनिटं मापाचा पेला ठेवा आणि आलेल्या पाण्याला १४४ ने गुणा. पन्नास मिलिलिटर आलं तर दिवसाला ७.२ लिटर, वर्षाला २६०० लिटरच्या वर, आणि कारण असतं एक झिजलेला वॉशर. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गळतंय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहते. आणि नळाच्या तोंडाला लावायच्या एरेटरबद्दल (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) कोणी सांगत नाही ती गोष्ट: हात धुताना, भांडी विसळताना तो पाणी वाचवतो, पण ज्या नळाखाली बादली किंवा हंडा भरता तिथे त्याचा उपयोग शून्य. बादली भरायला वेळ जास्त लागतो, पाणी तेवढंच लागतं. म्हणून आधी कोणत्या नळाचं काय काम आहे ते बघा.

मोजून झालं की जागा बदलायच्या. झोनची कल्पना मूळची जमिनीसाठी आहे. घर म्हणजे शून्य झोन, जिथे दिवसातून अनेकदा पाय पडतो तो पहिला, आणि असं करत पाचवा म्हणजे माणसाने हात न लावलेलं रान. यात अंतर फुटांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात. ज्या गोष्टीकडे रोज चार वेळा जावं लागतं ती हाताशी हवी, वर्षातून दोनदा लागणारी माळ्यावर गेली तरी चालेल. हे घरातल्या सवयींना लावून बघा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. पिशवी कपाटात घडी करून ठेवली तर ती कपाटातच राहणार. ती चपलांच्या वर खुंटीला हवी. सायकल दोन गाड्यांच्या मागे अडकलेली असेल तर ती बाहेर निघत नाही. ती मिनिटभरात रस्त्यावर आली पाहिजे आणि हवेचा पंप तिच्या शेजारीच पाहिजे, कारण नुसती उभी असली तरी काही आठवड्यांत ट्यूबमधली हवा उतरते आणि मऊ टायरची सायकल चालवायला कोणाचं मन होत नाही. सुई-दोरा, बटणं, स्क्रू ड्रायव्हर, फेविक्विक, टेफ्लॉन टेप आणि नळाच्या मापाचे दोन-चार वॉशर एकाच डब्यात घालून तो डबा जिथे संध्याकाळी सगळे बसतात तिथे ठेवा. माळ्यावरच्या पेटीतल्या हत्यारांनी कोणी काही दुरुस्त करत नाही, नवीन मागवतो.

हाच नियम उलटाही चालवता येतो. जे कमी व्हायला हवं ते दूरच्या झोनमध्ये ढकला. खरेदीच्या ॲपमधून साठवलेलं कार्ड काढून टाका, ॲप फोनच्या पहिल्या पानावरून हलवा, आणि हवी वाटलेली वस्तू कागदावर लिहून तीन दिवस थांबा. निश्चय करून जे होत नाही, ते सोळा आकडे दरवेळी टाकायला लागल्यावर आपोआप होतं.

आता कंपोस्ट. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त लोक हौसेने सुरू करतात ते हेच आणि महिन्याभरात सोडतात तेही हेच. कारण जवळजवळ नेहमी एकच: घरात सुका माल नसतो. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुक्या पानांत कार्बन जास्त, आणि जिवाणूंना साधारण एका भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन लागतो. हे वजनाने मोजायच्या भानगडीत पडू नका. आकारमानाने एक भाग ओला, दोन भाग सुका पाला, एवढं पुरतं. रोज एक लिटरच्या डब्याएवढी देठं-सालं निघत असतील तर दोन लिटर पाला लागणार. महिन्याला साठ लिटर, वर्षाला सातशेच्या वर. पाला चुरून घातला तर जागा बरीच कमी लागते, पण तरीही तो पानगळीच्या दिवसांत गोळा करून, पूर्ण वाळवून, पोत्यात भरून ठेवावाच लागतो. जेव्हा मुबलक आहे तेव्हा साठवा, हे तत्त्व लोक सौर पॅनेलला लावतात आणि पाचोळ्याला विसरतात. पाला नसेल तर फाडलेला साधा पुठ्ठा किंवा रंग-रसायन न लावलेल्या लाकडाचा भुसा चालतो. भुशात कार्बन फारच जास्त असतो, म्हणून तो हात राखून घाला.

डबा वीस लिटरचा असेल तर तळाला आणि चारी बाजूंना आठ-दहा मिलिमीटरची भोकं, खाली ताट, तळात बोटभर जाडीच्या काटक्या म्हणजे हवा खेळते. त्यावर पाला, मग कचरा, मग पुन्हा पाला. सगळ्यात वर कायम पालाच दिसला पाहिजे. साल उघडी राहिली की चिलटं आलीच. कचरा जितका बारीक चिराल तितका लवकर कुजेल. आतला माल घट्ट पिळलेल्या फडक्याइतका दमट हवा. आठवड्यातून दोनदा खालीवर करा.

बिघडलं तर डबा स्वतः सांगतो. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कोंडली आणि पाणी जास्त झालं: पुठ्ठा घाला, उकरा, दोन दिवस नवीन कचरा थांबवा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त: पाला वाढवा. मुंग्या लागल्या म्हणजे डबा कोरडा पडला: पाणी शिंपडा. काहीच होत नाही, सालं तशीच, म्हणजे एकतर कोरडं आहे किंवा पाला अति झालाय. जाडसर, मळकट पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक किंचाळून डबा फेकतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. नकोच असतील तर माल थोडा कोरडा करा.

डबे किती हवेत याचा हिशेब आधीच करा. एक डबा वीस दिवसांत भरत असेल आणि भरल्यावर पिकायला साठ दिवस लागत असतील, तर तीन पिकणारे आणि एक भरता, असे चार हवेत. एकच डबा घेणाऱ्याचं कंपोस्ट कधीच तयार होत नाही, कारण अर्धवट कुजलेल्यावर रोज ताजं पडत राहतं. कपडे धुण्याच्या शेवटच्या खळबळीचं पाणी झाडांना देणार असाल तर त्याच दिवशी द्या, साठवून ठेवलंत की चोवीस तासांत नासू लागतं. ब्लीच किंवा बोरॅक्स असलेलं पाणी नको, आणि कच्च्या खायच्या पानांवर तर अजिबात नको.

मॉलिसन यांच्या मांडणीतला आणखी एक नियम घरगुती जीवनात फार उपयोगी आहे: प्रत्येक महत्त्वाचं काम किमान दोन मार्गांनी होऊ शकलं पाहिजे. छतावर सौर पॅनेल बसवलं म्हणजे वीज गेली तरी दिवे चालतील, असा समज सर्रास आढळतो. बॅटरी नसलेली, ग्रिडला जोडलेली साधी यंत्रणा ग्रिड गेलं की स्वतःही बंद होते, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाला तिच्यामुळे शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. पैसे घालण्याआधी हे विचारून घ्या. पावसाच्या पाण्याचंही गणित सोपं आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पन्नास चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पडला तर पाचशे लिटर, गळती-उडती धरून चारशे. त्यातलं पहिल्या सरीचं ५० ते १०० लिटर सोडून द्या, छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. टाकी मात्र वर्षाच्या पावसावरून ठरवू नका. दोन पावसांमध्ये किती दिवस जातात आणि रोज किती वापरता, त्यावरून ठरवा.

एक इशारा. बचत झाली की ती दुसरीकडे वाहून जाते. इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तरी कोळशाचा एकूण वापर वाढतच चाललाय, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं. घरातही दिवे एलईडी झाले की ते रात्रभर चालू राहतात. म्हणून पर्माकल्चरच्या तीन नैतिक सूत्रांतलं (पृथ्वीची काळजी, माणसांची काळजी, वाजवी वाटा) तिसरं, म्हणजे गरजेपुरतं घ्या आणि उरलेलं वाटा, हे आकड्यात लिहिल्याशिवाय अमलात येत नाही. वर्षाला इतकी युनिटं, इतके नवे कपडे, इतके विमानप्रवास, असा कागद हवा आणि दर महिन्याला त्यावर खरा आकडा चढला पाहिजे. कापडी पिशवीचंच घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवीचा हवामानावरचा भार फिटायला ती १३१ वेळा वापरावी लागते. घरात अशा पंधरा पिशव्या पडून असतील तर सोळावी फुकट मिळाली तरी नको म्हणा.

बाकी तत्त्वं नात्यांना, करिअरला, ध्यानधारणेला लावून लिहिलेलं बरंच काही वाचायला मिळतं. 'तुमच्या आयुष्यातल्या कडांना महत्त्व द्या' वगैरे. मला त्यात फारसं हाती लागत नाही. जे मोजता येत नाही आणि जिथे काही हलवता येत नाही, तिथे तत्त्व नुसतं सुभाषित होऊन बसतं.

माणसांची काळजी हे दुसरं नैतिक सूत्र मात्र अगदी मोजण्यासारखं आहे, आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही. कंपोस्ट उकरणं, पाला चुरणं, पिशव्या धुणं, बरण्या घासून वाळवणं, दुरुस्तीला टाकलेली वस्तू परत आणणं, हे सगळं धरलं तर आठवड्याला दोन-तीन तास सहज जातात. बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीचे असतात, आणि ती व्यक्ती बहुधा बाईच असते. बाकीचे कौतुक करतात. ती आजारी पडली किंवा आठ दिवस बाहेर गेली की डब्याला वास येतो आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' असा निकाल लागतो. म्हणून कागदावर कामाच्या पुढे मिनिटं आणि मिनिटांच्या पुढे नाव लिहा. सहा आठवड्यांत एकच नवी गोष्ट सुरू करा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने ती सलग दोन आठवडे, कोणाला काही न विचारता, एकट्याने चालवून दाखवली की मगच पुढची घ्या. तोवर चौथा डबाही आणू नका.