एकेक डॉलरने चढणारी बोली

आज सकाळी संकेतस्थळावर एका जुन्या बेसबॉल कार्डाचा, म्हणजे खेळाडूचे चित्र असलेल्या संग्राह्य कार्डाचा, लिलाव उघडून पाहिला आणि मन उद्विग्न झाले. लिलाव संपायला अजून पाच दिवस आहेत, तरीही एकाच व्यक्तीने पहाटेपासून सात वेळा, प्रत्येक वेळी एक डॉलर वाढवून, बोली लावलेली आहे. बोली ४१ डॉलरवर पोहोचली आहे. हे कार्ड मी ओळखतो. कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवतात, म्हणजे ग्रेडिंग करतात, तेव्हा ते ज्या प्लास्टिकच्या पेटीत बंद करतात तिच्यावरचा क्रमांक तोच आहे आणि तीन वर्षांपूर्वी ते माझ्या हातून असेच गेले होते.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून मिळणाऱ्या टी-२०६ मालिकेतले हे एका साध्या पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, कार्ड आहे. नारिंगी पार्श्वभूमी, गोलावलेले कोपरे, नावाच्या पट्टीतून तिरपी गेलेली बारीक घडी आणि मागे निळ्या शाईतली पीडमाँट सिगारेटची जाहिरात. ग्रेड दहापैकी फक्त २. तेव्हा मी माझा कमाल आकडा, ७२ डॉलर, एकदाच भरून ठेवला होता. अशा लिलावात संगणक आपल्या वतीने प्रतिस्पर्ध्याच्या फक्त एक पायरी वर चढतो, त्यामुळे खरा आकडा एकदा सांगितला की पुन्हा काही करावे लागत नाही. पण चौथ्या दिवशी एका बोलीदाराने, ज्याच्या नावाच्या जागी दोन अक्षरे आणि मधे तारे एवढेच दिसत होते, ३२ पासून एकेक पायरी चढत ७३ गाठले. शेवटच्या काही सेकंदांत तिसराच कोणी आला आणि त्या दोघांच्या चढाओढीत कार्ड ८८ ला त्या एकेक पायरी चढणाऱ्याकडेच गेले.

त्याच दिवशी, त्याच संकेतस्थळावर, त्याच खेळाडूचे त्याच ग्रेडचे कार्ड ६५ डॉलरला थेट विक्रीस होते! मी ते नंतर घेतले, पण त्यावर ती घडी नाही आणि रंगही फिका आहे. मला हवे होते ते हे घडीवालेच. त्या ८८ वाल्याने मात्र शेजारी पाहिलेच नसावे, कारण इतक्या वेळा बोली लावणाऱ्या माणसाला कार्ड हवे नसते, त्याला फक्त "तुमची बोली मागे पडली" हा संदेश सहन होत नाही. कार्डाची किंमत तो स्वतः ठरवत नाही, समोरच्या अनोळखी माणसाला ठरवू देतो, आणि याचाच मला अतिशय राग येतो.

किंमत फुगवण्यासाठी लावलेल्या खोट्या बोल्यांचा संशय घेता येतो, हे मान्य आहे. बिल मास्ट्रो या नामांकित लिलावदाराने अशाच प्रकरणात २०१३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण खोटी बोली लावणारा जिंकू इच्छित नाही, आणि माझा तो बोलीदार जिंकला होता. शेवटच्या दहा सेकंदांत येणाऱ्यांनाही लोक नावे ठेवतात, परंतु ते निदान आपला आकडा आधी ठरवून येतात.

हे लिहिताना राग थोडा ओसरला आहे. ८८ डॉलर मोजून घेतलेले कार्ड तीन वर्षांत पुन्हा विक्रीला आले, यामागे कदाचित एखादी अडचण असेल. ते त्याने कधी हातात घेऊन उजेडात धरले का, ती घडी त्याला दिसली का, हे मला त्याला खरोखर विचारायचे आहे.

कार्डाखालचा आकडा आता ४३ झाला आहे. मी अजून काहीही भरलेले नाही. या वेळी माझा आकडा ८० आहे आणि तो मी रविवारी रात्री, शेवटच्या दहा सेकंदांत, एकदाच भरणार आहे.