नोंदी जुळल्या म्हणून मॉडेल सिद्ध होत नाही

‘कोड नको, डॉक्युमेंट नको. मशीनचे लॉग द्या, सर्वांत लहान आणि अचूक स्टेट मशीन क्षणात निघतं. सगळ्या नोंदी जुळल्या की मॉडेल सिद्ध, टेस्टिंगची गरज नाही.’ हा मेसेज इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये फिरतोय. (लॉग म्हणजे मशीनने आधी काय केलं याच्या नोंदी. स्टेट मशीन म्हणजे ते कुठल्या अवस्थेत असतं आणि काय केल्यावर कुठल्या अवस्थेत जातं याचा आराखडा.) काल तो भाच्याने मला पाठवला. त्याच्या भरवशावर त्याने प्रोजेक्टमधलं टेस्टिंगचं प्रकरणच काढून टाकलंय, म्हणून हे लिहायला बसलो.

त्याचा प्रोजेक्ट चार आकडी पिनच्या कुलपावर आहे. लॉगमध्ये फक्त दार उघडल्याच्या नोंदी. आता एकाच स्टेटचं मशीन काढा: काहीही दाबा, दार उघडतं. लॉगशी ताडून बघा, एकूणएक नोंद जुळते! उलट, लॉगमधले पिन तेवढे चालतात, बाकी एकही नाही, असं मशीन काढा. तेही जुळतं. मग सिद्ध कुठलं झालं? पहिलं मशीन खरं धरून कुणी कुलूप तपासलं, तर चोराला दार उघडणं हेही त्याला बरोबरच वाटेल.

हे काही माझं मत नाही. संशोधक ई. मार्क गोल्ड यांनी १९६७ मध्येच सिद्ध केलंय की, नुसती स्वीकारलेली (म्हणजे ‘दार उघडलं’ अशी) उदाहरणं कितीही दिली तरी अशी सगळी मशीनं हमखास ओळखणारी पद्धत असूच शकत नाही. नकाराचीही उदाहरणं लागतात. ती दिली तरी सगळ्यांशी जुळणारं सर्वांत लहान मशीन शोधणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे ते दरवेळी झटपट सोडवणारी पद्धत आजवर कुणाला माहीत नाही. तेही गोल्ड यांचंच, १९७८ चं. तेव्हा ‘क्षणात’ विसरा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: कोड न बघता मशीन शिकता येतं. संगणकशास्त्रज्ञ डेना अँग्लुइन यांची १९८७ ची पद्धत तेच करते. २०१५ मध्ये द रायटर आणि पोल या संशोधकांनी याच वाटेने टीएलएसची (इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीची) नऊ सॉफ्टवेअरं तपासली आणि तिघांत सुरक्षेच्या नव्या चुका सापडल्या. पण ते जुने लॉग चाळत बसले नव्हते. सॉफ्टवेअरला उलटसुलट क्रमाने मेसेज पाठवून ते काय उत्तर देतं हे बघत होते. शिवाय अँग्लुइन यांच्या पद्धतीत ‘माझा अंदाज बरोबर का?’ याचं उत्तर देणारा कुणीतरी लागतो. खऱ्या कुलपापाशी असा कुणी नसतो, त्याची जागा टेस्टिंगच घेतं. आणि दहा हजारांपैकी एक पिन जरी वापरून बघायचा राहिला, तरी दार नेमकं त्यानेच उघडत असू शकतं.

भाच्याला सांगितलंय: चुकीचे पिन मुद्दाम दाब, सलग तीनदा चुकल्यावर काय होतं ते नोंदव, आणि ते प्रकरण परत घाल.