टिकायचे असेल तर कोसळावे

यंत्रे आणि लोखंड यांच्या आवाजातून संगीत करणारा इंडस्ट्रियल बँड काढण्याची इच्छा झाली, की बहुतेक तरुण आधी गिटार विकत घेतात आणि तिथेच फसतात. आधी शहर पाहावे. शहर असे हवे, की जिथे घरभाडे थोडे, पडीक इमारती पुष्कळ आणि बरी नोकरी लागण्याचा धोका जवळजवळ नाही. १९८० चे पश्चिम बर्लिन या कसोट्यांना पुरेपूर उतरत होते. चहूबाजूंनी भिंत होती, भिंतीपलीकडे पूर्व जर्मनी होता, आणि पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांना पश्चिम जर्मनीतल्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट असल्यामुळे गणवेश नको असलेली देशभरची मुले तिथे येऊन राहत. शिस्तीचा असा मनापासून कंटाळा असलेल्या त्या शहरात निघालेला एक बँड चाळीसहून अधिक वर्षे चालू आहे, ही माहिती मात्र आपण घरी एवढ्यात देऊ नये; वडील लगेच आशा धरतील.

नाव ठेवताना भविष्याचा विचार करावा. बर्लिनच्या या बँडने १ एप्रिल १९८० रोजी पहिला कार्यक्रम केला, तो आइनश्ट्यूर्त्सेंडे नॉयबाउटेन, म्हणजे ‘कोसळत्या नव्या इमारती’ या नावाने. युद्धानंतर भराभर उभारलेल्या बांधकामांना जर्मनीत नॉयबाउटेन म्हणतात. जुन्या, उंच छताच्या घरांपुढे त्यांची पत बेताचीच. (पुनर्विकासात नवा फ्लॅट मिळालेल्या वाचकांना यावर अधिक काही सांगावे लागणार नाही.) पुढे दोन महिनेही गेले नव्हते, तोच २१ मे रोजी बर्लिनच्या काँग्रेस हॉलच्या छताचा एक भाग खरोखरच कोसळला आणि त्यात एकाचा जीव गेला. जाहिरातीसाठी इतका भयंकर योगायोग कोणी मागू नये, पण नाव लोकांच्या लक्षात राहिले हे खरे. स्वतःचे नावही याच दूरदृष्टीने निवडावे. गायकाने ‘ब्लिक्सा’ हे एका पेनाच्या ब्रँडवरून घेतले आणि त्यापुढे ‘बार्गेल्ड’ लावले, ज्याचा जर्मन अर्थ ‘रोख रक्कम’ असा होतो. आडनावातच रोकड असली, की रेकॉर्ड कंपनीकडून ती मिळेपर्यंत धीर धरता येतो.

वाद्यांवर खर्च करू नये. असलेली वाद्येही विकावीत. बँडमधल्या एन. यू. उनरूने पैशांच्या अडचणीत आपला ड्रमसेट विकला आणि बांधकामांच्या आवारातून पत्रे, नळ्या, लोखंडी तुकडे आणून ते बडवायला सुरुवात केली, असे सांगतात. यात बचत आहेच, शिवाय ‘तुमचा सूर लागत नाही’ असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही, कारण पत्र्याचा सूर कोणता हे टीकाकारालाही ठाऊक नसते. रियाजासाठी खोली मिळेना, तर महामार्गाच्या पुलाच्या पोटातली ठेंगणी पोकळी शोधावी. बार्गेल्ड आणि उनरू या दोघांनी १९८० च्या उन्हाळ्यात अशाच पोकळीत ध्वनिमुद्रण केले, आणि डोक्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी मानधन मागितले नाही. पहिली तबकडी, १९८१ ची ‘कोलाप्स’, ऐकवणार नाही अशी करावी, पण तिच्या छायाचित्रात टापटीप ठेवावी: बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमसमोर बँड उभा, आणि पुढ्यात हातोडे, ड्रिल, पत्रे अशी सारी हत्यारे दसऱ्याला पूजेसाठी मांडावीत तशी ओळीने मांडलेली. मोठ्या रॉक बँडच्या श्रीमंती मांडणीची ती नक्कल होती. आपल्याला मात्र त्यातून भंगारवाल्याकडची पावती जपून ठेवण्याचा धडा घेता येईल.

कधी ना कधी सभागृहाचे नुकसान करणे आपल्याला भाग आहे. बँडमधल्या काहींनी इतर कलावंतांना जोडीला घेऊन ३ जानेवारी १९८४ रोजी लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत ‘आवाज आणि यंत्रे यांसाठी कॉन्सर्टो’ नावाचा कार्यक्रम सादर केला. यंत्रे म्हणजे काँक्रीट फोडायची ड्रिले, साखळी-करवती आणि सिमेंट कालवायचे मिक्सर. श्रोते तिकीट काढून बसलेले, आणि कलावंत रंगमंचालाच भोक पाडू लागलेले. खालच्या भुयारांपर्यंत पोहोचण्याचा बेत होता आणि ती भुयारे राजवाड्याकडे जातात, अशी बोलवा आजही आहे. व्यवस्थापनाने अर्ध्या तासाच्या आत कार्यक्रम थांबवला, पण तोवर प्रेक्षकही मोडतोडीत सामील झाले होते. आपण लगेच माफी मागू नये, थोडी वाट पाहावी. २००७ मध्ये त्याच संस्थेत तोच गोंधळ कलाकृती म्हणून पुन्हा रीतसर सादर झाला. फळ्या मोडल्याची भरपाई मागायची की त्यांचा वर्धापनदिन करायचा, हे ठरायला संस्थेला तेवीस वर्षे लागली.

मधली वर्षे कठीण जातात. माणसे सोडून जातात. मार्क चुंग आणि एफ. एम. आइनहाइट हे जुने सोबती नव्वदच्या दशकाच्या मध्यात गेले, आणि १९९६ च्या तबकडीला ‘एंडे नॉय’, म्हणजे ‘शेवट, नवा’ हे नाव मिळाले. ते बँडच्या मूळ नावाच्या मधोमध दडलेलेच होते, बाहेर शोधायला जावे लागले नाही. रेकॉर्ड कंपनीचा कंटाळा आला, की २००२ मध्ये यांनी केले तसे करावे: श्रोत्यांकडून आधी वर्गणी घ्यावी, मग काम करावे, आणि काम करताना इंटरनेटवर त्यांना दिसत राहावे. दिवाळी अंकाच्या वर्गणीदाराला संपादक लिहिताना दिसत नाही, तेव्हा आपल्यापेक्षा ही मंडळी एक पाऊल पुढे म्हणायची. २००४ मध्ये त्यांनी याच वर्गणीदारांसाठी पूर्व जर्मनीच्या जुन्या संसद-भवनात वाजवले. ती इमारत पाडायचे आधीच ठरले होते आणि पुढे पाडलीही, पण ते काम सरकारी कंत्राटदारांनी केले. बँडने नुसते गाणे म्हटले.

यानंतर मानसन्मान आपोआप येतात, त्यांना नकार देऊ नये. पहिल्या महायुद्धाच्या शंभराव्या वर्षी, २०१४ मध्ये, बेल्जियममधल्या डिक्समाउडे या गावासाठी त्यांनी ‘लामेंट’, म्हणजे ‘विलाप’, रचले. त्यातल्या एका भागात प्लॅस्टिकच्या नळ्यांपैकी प्रत्येक नळी एका देशाची आणि प्रत्येक ठोका युद्धाच्या एका दिवसाचा. देश युद्धात उतरतो तशी त्याची नळी वाजू लागते, आणि पहिली काही मिनिटे गंमत वाटणारा तो ठेका ‘आणखी किती दिवस’ असे विचारायला लावतो. (इथे मला उपरोध सुचत नाही, म्हणून पुढे जातो.) जानेवारी २०१७ मध्ये हाम्बुर्गची एल्बफिलहार्मोनी ही संगीत-सभागृहाची नवी इमारत उघडली, जिचा अंदाज ७.७ कोटी युरोंचा आणि अखेरचा हिशेब ८० कोटींच्या पुढचा होता. तिथे पहिल्याच महिन्यात वाजवायला कोसळत्या नव्या इमारतींनाच बोलावले गेले, आणि नवी इमारत जागची हलली नाही.

एवढ्यानेही संसार चालेना, तर बार्गेल्ड यांनी दाखवलेली वाट आहे. होर्नबाख नावाच्या हार्डवेअर दुकानांच्या जाहिरातींत त्यांनी गंभीर चेहऱ्याने, शोकांतिकेतला उतारा वाचावा तसा मालाचा कॅटलॉग वाचून दाखवला होता. त्यामुळे आपण आज फुकट उचलून आणलेला हातोडा टाकून देऊ नये. पुढे कधी तरी त्याची किंमत आपल्यालाच मोठ्याने वाचावी लागेल, आणि त्या दिवशी तरी सूर बरोबर लागायला हवा.