सुट्टीतल्या मैदानाची किल्ली

आमच्या घरात उन्हाळ्यावरून वर्षातून दोनदा वाजतं. एकदा मे महिन्यात, ठाण्यात ताईच्या मुलांना सुट्टी लागते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी, इकडे इंग्लंडमध्ये, स्लाउत, माझ्या मुलांची शाळा बंद होते तेव्हा. दोघींच्या मुलांच्या सुट्ट्यांची गाठ कधी धड पडतच नाही. इंग्लंडच्या शाळांना मेअखेर जेमतेम आठवडाभर सुट्टी. सत्र चालू असताना पाच दिवस शाळा बुडवून मुलांना गावी नेलं, तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. ऑगस्ट २०२४ पासूनचा हा दर. त्यामुळे माझ्या मुलांनी हापूस खाल्ला आहे तो साउथॉलच्या दुकानातून आणलेल्या पेटीतला. ऑगस्टात ठाण्याला गेलो की भाचरं सकाळी रेनकोट चढवून शाळेला जातात आणि माझी दोघं खिडकीत बसून पाऊस बघतात. सुट्टी कोणाची आणि बघणारे कोण!

यंदाचा वाद शिबिरांच्या फीवरून सुरू झाला. ताईने घरच्या ग्रुपवर एक यादी टाकली: बालनाट्य, रोबोटिक्स, मातीकाम, वैदिक गणित, ‘व्यक्तिमत्त्व विकास’. आठ वर्षांच्या मुलाचं कसलं व्यक्तिमत्त्व विकसित करायचंय देव जाणे, पण फी वाचून तिच्या स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाला घाम फुटला होता. लगेच काकांचा संदेश: ‘आमच्या वेळी कुठे होती शिबिरं? आजोळी जायचो, विहिरीत पोहायचो, विषामृत खेळायचो.’ वहिनीने तितक्याच तत्परतेने कळवलं, की आजोळ आता घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर आहे, विहीर नाही, आणि आजी-आजोबा दोघांचेही गुडघे दुखतात. मग शेवटी, दरवर्षीप्रमाणे, तोफ माझ्याकडे वळली: ‘तुमचं काय बाई, तिकडे सगळं फुकट.’

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच मला ते झोंबतं.

फुकट काय आहे ते आधी सांगते. जुलै लागला की इथल्या वाचनालयात मुलांसाठी ‘समर रीडिंग चॅलेंज’ सुरू होतं. मुलाने नाव नोंदवायचं, सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची, मधे मधे येऊन काय वाचलं ते ग्रंथपालबाईंना सांगायचं आणि शेवटी पदक-प्रशस्तिपत्र न्यायचं. १९९९ पासून हे चालू आहे आणि एक पेनी लागत नाही. माझ्या धाकट्याने पहिल्या वर्षी सहाही पुस्तकं डायनोसॉरची निवडली. मी डोळे वटारले, तर बाई म्हणाल्या, ‘वाचतोय ना? मग झालं.’ ठाण्यात अशा बाई मला लहानपणी भेटल्या असत्या तर मी निबंधाची पुस्तकं नक्कीच कमी वाचली असती.

दुसरी गोष्ट जेवणाची. ज्या मुलांना घरच्या परिस्थितीमुळे शाळेत मोफत जेवण मिळतं, त्यांच्यासाठी २०२१ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये सुट्टीतला खेळ-आणि-जेवण कार्यक्रम आहे. उन्हाळ्यात चार आठवडे, आठवड्याला चार दिवस, दिवसाला चार तास खेळ आणि एक वेळचं जेवण. पैसे केंद्र सरकार देतं, राबवतं स्थानिक काउन्सिल. पुष्कळ ठिकाणी हे सगळं शाळेच्याच हॉलमध्ये आणि मैदानावर चालतं. म्हणजे सुट्टीत शाळा बंद असते, पण शाळेची इमारत उघडी असते. ताईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती काही क्षण गप्प झाली. तिच्या बिल्डिंगच्या समोरच एक शाळा आहे, छान मैदान आहे, आणि मे महिना लागला की त्या फाटकाला कुलूप पडतं ते जूनच्या मध्यालाच निघतं. तिची मुलं त्या कुलपासमोर, पार्किंगमधल्या गाड्यांच्या मधे क्रिकेट खेळतात आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शिव्या खातात.

पण हे जेवण इथल्या राज्यकर्त्यांना आपणहून सुचलं नव्हतं. २०२० च्या जूनमध्ये मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं, की माझ्या आईने काबाडकष्ट केले तरी आमच्या घरी अन्न पुरत नसे, सुट्टीत मुलांचं जेवण तोडू नका. सरकार आधी नाही म्हणालं आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेऊन उन्हाळ्यासाठी जेवणाची कुपनं द्यायला तयार झालं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ‘तिकडे सगळं फुकट’ म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते. या फुकटामागे कोणीतरी भांडलेलं असतं, आणि भांडण सरकारशी झालेलं असतं, शेजाऱ्याशी नव्हे.

आता उरलेलं अर्धं. ज्यांना हे मोफत जेवण लागू नाही, म्हणजे आमच्यासारखे दोघं नोकरी करणारे, त्यांना सहा आठवड्यांची सुट्टी घाम फोडते. कोरम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत सुट्टीतल्या पाळणाघरवजा क्लबची सरासरी फी आठवड्याला १७५ पौंड निघाली होती. दोन मुलं, सहा आठवडे, करा गुणाकार. आमच्याकडे मी दोन आठवडे रजा घेते, नवरा दोन आठवडे घेतो आणि मधले दोन आठवडे क्लब. नवरा-बायकोची एकत्र सुट्टी हा प्रकार लग्नाच्या अल्बममध्येच उरलाय.

शिवाय जे फुकट होतं तेही आकसतंय. आमच्या स्लाउ काउन्सिलने जुलै २०२१ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे सरळ भाषेत, हिशेब जुळत नाही, नवा खर्च बंद. दोन वर्षांनी बर्मिंगहॅमसारख्या अवाढव्य शहरावर तीच वेळ आली. वाचनालय चालवणं १९६४ च्या कायद्याने इथल्या काउन्सिलांवर बंधनकारक आहे, तरी गेल्या पंधरा वर्षांत देशभर शेकडो वाचनालयं बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या गळ्यात मारली गेली. तेव्हा इथला उन्हाळा आदर्श वगैरे नाही.

आणि आपल्या माणसांचं काय? ते सांगताना मला थोडी लाज वाटते. स्लाउत चार ग्रामर शाळा आहेत, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा. त्यांची प्रवेशपरीक्षा मुलं सहावीत गेली की सप्टेंबरमध्ये होते, म्हणजे तिच्याआधीचा अख्खा उन्हाळा कोरा. तो कोरा ठेवायला आपले लोक थोडेच तयार आहेत! मराठी, पंजाबी, तमिळ, सगळ्यांची मुलं ऑगस्टात बंद खोलीत सराव परीक्षा देत बसलेली. थोरलीच्या वेळी मीही तेच केलं. वाचनालयातल्या त्या फुकटच्या कार्यक्रमाच्या वेळेला मी तिला गाडीत घालून पैसे मोजून शिकवणीला नेत होते. ठाण्याच्या शिबिरांना नाकं मुरडायचा मला कितपत अधिकार आहे, ते तुम्हीच ठरवा. काका इथे असते तर म्हणाले असते, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तरीही ताईशी माझं भांडण शिल्लक आहेच. आपल्याकडची चर्चा सगळी आईबापांभोवती फिरते. शिबिराला घालणारे आईबाप स्पर्धेच्या नादी लागलेले, न घालणारे निष्काळजी, मोबाइल देणारे आळशी, न देणारे जुलमी. दरवर्षी एप्रिलमध्ये हेच लेख, हीच भाषणं. यात नगरसेवक कुठेच नसतो. वॉर्डातल्या मैदानाचं मे महिन्यात काय झालं, हे कोणी विचारत नाही. लग्नाचा मांडव, वस्तूंचं प्रदर्शन, कोणाची तरी सभा, आणि त्यानंतर पंधरा दिवस खिळे आणि खड्डे. आमच्या लहानपणीच्या गावदेवी मैदानाखाली आता वाहनतळ आहे. गाड्यांची सोय झाली पाहिजे हे मलाही कळतं, ठाणे स्टेशनबाहेर मीही अडकून पडलेय. पण शहराने जमिनीखाली जाऊन जागा शोधली ती गाड्यांसाठी, हे लक्षात राहतं.

२०२५ मध्ये तर राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. उन्हाचं काय, निकाल १ मेला कसा लावायचा, म्हणून शिक्षक ओरडले, पालक ओरडले. ताईही ओरडली. तो एकच वाद मला खरा वाटला, कारण त्यात पहिल्यांदाच प्रश्न आईबापांना न विचारता सरकारला विचारला गेला होता.

काकांच्या आठवणींबद्दल एक सांगायला हवं. शिबिर म्हणजे आजचा धंदा असं त्यांना वाटतं, पण राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ ची, आणि त्यांच्या शिबिरांत पोरं मे महिन्यात श्रमदान करून, गाणी म्हणून रापून घरी येत. पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन १९८५ पासून मुलांना मनसोक्त खेळू देतंय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. आपल्याकडे हे सगळं होतं आणि आहे. फक्त ते संस्थांनी, मास्तरांनी, चार वेड्या माणसांनी स्वतःच्या खांद्यावर उचललं. महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा केला, पण कर्नाटक-तामिळनाडूसारखा ग्रंथालयासाठी वेगळा कर ठेवला नाही. वाचनालय चालवायचं मंडळाने आणि वाट बघायची अनुदानाची. अशा वाचनालयातल्या, तुटपुंज्या पगारावर उभ्या असलेल्या माणसाला ‘सुट्टीत मुलांसाठी काहीतरी करा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि जे सरकारी आहे ते कळत नाही. मुंबई महापालिका आपल्या तलावांवर उन्हाळ्यात २१ दिवसांचे पोहण्याचे वर्ग घेते. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे मी स्लाउहून सांगितलं! तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज चाळीस सुप्रभात येतात, पण ही बातमी आली नव्हती. इथे वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर, शाळेच्या शुक्रवारच्या पत्रात, दवाखान्यातल्या टेबलावर तेच तेच पत्रक पडलेलं असतं: अमुक उद्यानात मंगळवारी चित्रकला, तमुक चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारी गोष्टी. कंटाळा येईपर्यंत दिसतं. मला वाटतं, कंटाळा येईपर्यंत दिसणं हीच अशा बातमीची लायकी.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीने ‘प्ले स्ट्रीट’ करायचं ठरवलं. ही कल्पना ब्रिस्टलमधल्या काही पालकांनी २००९ मध्ये सुरू केली: शेजाऱ्यांनी मिळून काउन्सिलकडे अर्ज करायचा आणि महिन्यातून एखाद्या दुपारी दोन-तीन तास आपली गल्ली गाड्यांना बंद ठेवायची. दोन्ही टोकांना मोठी माणसं पिवळी जाकिटं घालून उभी राहतात, एखादा रहिवासी गाडी घेऊन आलाच तर तिच्यापुढे चालत, मुलांना बाजूला करत, तिला आत आणतात. खेळणी नाहीत, शिक्षक नाही, फी नाही. रस्ता आणि खडू. पहिल्या दिवशी मुलांना काय करायचं तेच सुचेना. धाकट्याने मला विचारलं, ‘आई, सुरू कधी होणार?’ त्याला वाटलं कोणीतरी शिट्टी वाजवेल. मी त्यांना डबा ऐसपैस शिकवला, मग एका पोलिश मुलीने तिच्या आजीचा कुठलासा खेळ शिकवला, तो मला अजून कळलेला नाही. समोरच्या पंजाबी आजी खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांच्या भांडणांचे निवाडे करू लागल्या.

याचा व्हिडिओ मी ताईला पाठवला. तिने आधी तिरकस उत्तर दिलं: ‘आमच्या गल्लीत हे रोज चालायचं, पिवळ्या जाकिटाशिवाय.’ खरंच आहे. आम्ही दोघी त्याच गल्लीत वाढलो. पण चार दिवसांनी तिने त्या अर्जाचा नमुना मागितला. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून सुट्टीत रोज संध्याकाळी दोन तास मैदान उघडा, देखरेखीला आम्ही पालक पाळीने थांबू, असं लेखी द्यायचं तिच्या मनात आहे. अर्ज मराठीत कसा लिहायचा, जबाबदारी कोणाची म्हणायची, मूल पडलं-लागलं तर काय, याचे नऊ मुद्दे तिने काढलेत. किल्ली शिपायाकडे असते हेही तिने शोधून काढलंय, आणि शिपायाचं म्हणणं, साहेबांचा कागद आणा, मला काय, मी उघडतो.

काल रात्री तिचा फोन आला. ‘तुमच्या त्या फॉर्ममध्ये शेजाऱ्यांना विचारलंत का, असा रकाना आहे. आमचं तिथेच अडलंय. तळमजल्यावरचे म्हणतात, बॉल आमच्या काचेवर आला तर?’

मी तिला आमच्या गल्लीतल्या चौदा नंबरबद्दल सांगितलं. त्यांचाही विरोध होता, पार्किंगवरून. तीन वेळा त्यांच्या दारात जावं लागलं, तिसऱ्यांदा मी चिवडा नेला होता.

‘कुठला?’ ताईने विचारलं. ‘भाजक्या पोह्यांचा?’