‘डेटा’ हा शब्द ‘दत्त’वरून आलेला नाही

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लॅटिनमधलं ‘देणे’ या अर्थाचं क्रियापद संस्कृत ‘दा’ धातूतून निघालं. ‘दान’चं ‘डोनेट’ झालं, ‘दत्त’चा ‘डेटा’ झाला, ‘दिन’वरून तारखेची ‘डेट’ आली आणि ‘देय’वरून कर्जाचा इंग्रजी शब्द. थोडक्यात लॅटिन ही संस्कृतची बिघडलेली मुलगी, आणि पाश्चात्त्यांनी हे मुद्दाम दडवलं. परवा माझ्या भाचीने हे सगळं शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसंच्या तसं उतरवलं आणि घरातल्या मोठ्यांनी तिला शाबासकी दिली. आता गप्प बसवत नाही.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करते. लॅटिन ‘दोनुम’ आणि संस्कृत ‘दानम्’ ही सख्खी भावंडं आहेत. घडण तीच, अर्थ तोच. लॅटिन ‘दो’ म्हणजे मी देतो, ‘देदी’ म्हणजे मी दिलं. आपल्याकडे ददामि, ददौ. फारसी ‘दादन’, लिथुआनियन ‘दुओती’ हीसुद्धा याच घरातली. नातं आहेच. पण भाऊ सापडला म्हणून तो बाप ठरत नाही, आणि मजकुराने नेमकी तीच उडी मारली आहे.

‘दत्त’चंच बघा. धातूला ‘त’ लावून कृत, श्रुत अशी रूपं होतात. स्था, मा यांची स्थित, मित होतात, आणि त्या गटासाठी पाणिनीचं एक सूत्र आहे (७.४.४०). ‘देणे’ अर्थाचा ‘दा’ त्या गटात नाही. त्याच्यासाठी पाणिनीला वेगळं सूत्र लिहावं लागलं: ‘दो दद् घोः’ (७.४.४६). म्हणजे इथे ‘दा’च्या जागी ‘दद्’ घ्यायचं. ‘ददाति’मधला तो दुहेरी ‘दद्’ या रूपात शिरला आणि ‘दत्त’ तयार झालं. ही संस्कृतने आपल्या घरात केलेली नवी घडण आहे. आता लॅटिन बघा. स्थितला तिथे ‘स्ततुस’ आहे आणि त्याच चालीवर ‘दतुस’, म्हणजे दिलेला. धातू अधिक ‘त’, दुसरं काही नाही. संस्कृतातही हीच चाल राहिली असती तर ‘दित’ मिळालं असतं. म्हणजे जुनं, साधं रूप लॅटिनने जपलंय आणि संस्कृतने बदललंय. ‘डेटा’ हे त्या ‘दतुस’चंच अनेकवचन, ‘दिलेल्या गोष्टी’. ते ‘दत्त’मधून काढायचं तर पाणिनीचं सूत्र पुसावं लागेल. संस्कृतचा अभिमान सांगणाऱ्यांनी निदान अष्टाध्यायी तरी उघडून बघावी!

दुसरा पुरावाही अष्टाध्यायीच्या त्याच पादात, म्हणजे त्याच प्रकरणात आहे. द्वित्व होताना, म्हणजे धातूचं सुरुवातीचं अक्षर दोनदा येताना, ‘क’चा ‘च’ होतो, ‘ग’चा ‘ज’ होतो: कृ-चकार, गम्-जगाम. सूत्र ‘कुहोश्चुः’ (७.४.६२). पण ‘ककार’ का नाही? ‘अ’च्या आधी ‘क’ बदलायचं काहीच कारण नाही. तो बदलतो ‘इ’ किंवा ‘ए’च्या आधी, कारण तिथे जीभ पुढे सरकते. म्हणजे त्या जागी आधी ‘ए’ होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’ झाला. हे १८७०च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आलं. लॅटिनमध्ये तो ‘ए’ अजून जागेवर आहे: दे-दी. आपलं द-दौ. आईकडे नसलेला जुना स्वर मुलीकडे कुठून येणार?

बाकीचे मुद्दे पटकन संपतात. तारखेची ‘डेट’ लॅटिन ‘दरे’ म्हणजे ‘देणे’ यावरूनच आली आहे, पण ‘दिन’शी तिचा संबंध नाही. रोमन माणूस पत्राच्या शेवटी ‘दता’ असं लिहून दिवस घालायचा, म्हणजे पत्र अमुक दिवशी जासुदाच्या हाती दिलं. त्यावरून तो शब्द तारखेला चिकटला. कर्जाचा इंग्रजी शब्द लॅटिन ‘देबेरे’वरून, आणि ते ‘हाबेरे’ म्हणजे ‘जवळ असणे’ याला उपसर्ग लागून झालेलं. त्यात देण्याचा धातूच नाही. ‘डोनेट’ थेट लॅटिन ‘दोनारे’चं आहे. फ्रेंचांनी तर जुनं ‘दरे’ सोडून याच ‘दोनारे’वरून ‘दॉने’ घेतलं. इटालियनमध्ये ‘दारे’ आणि स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘दार’ टिकून आहे.

जे खरोखर सांगण्यासारखं होतं ते मजकुरात नाहीच. संस्कृत श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक ‘ठेवणे’ अर्थाचा धातू धा. लॅटिन ‘क्रेदो’, माझा विश्वास आहे, याची घडण अगदी तीच. लॅटिनमध्ये शब्दाच्या मध्ये आलेले ‘दा’ आणि ‘धा’ एकमेकांत मिसळून गेले, संस्कृतने ते स्वच्छ वेगळे ठेवले. इथे संस्कृतचा पुरावा वरचढ आहे आणि लॅटिनचे अभ्यासक तो मुकाट्याने वापरतात.

उरला दडवल्याचा आरोप. तो मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो लहान मुलांना वाचायच्या आधीच संशय घ्यायला शिकवतो. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, हे फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून १५८३ साली भावाला पत्रात कळवलं होतं. मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे हेच स्टीफन्स. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भर सभेत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं सांगितलं, तो उगम कदाचित आता उरला नसेल असंही सांगितलं, आणि ते भाषण छापून आलं. संस्कृतची त्यांनी त्यात तोंड भरून स्तुती केली आहे.