पगार नंतर बघा, आधी व्हिसा कुणाच्या हातात आहे ते बघा

"ऑफर लेटर हातात पडलं की व्हिसा ही नुसती औपचारिकता. वर्क व्हिसा इथूनतिथून सारखेच, तेव्हा पगार जास्त तो देश निवडा. चार-पाच वर्षं काढली की पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, आपोआप मिळते." हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो आणि त्याच्या भरवशावर लोक चालू नोकऱ्या सोडतात. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासू या.

औपचारिकता? अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ६५ हजार जागा आहेत, तिथेच मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून निवड सोडतीने होते. कंपनीला तुम्ही कितीही हवे असलात तरी नाव निघालं नाही तर ऑफर लेटर फाइलीतच राहतं. ब्रिटनमध्ये सोडत नाही, पण कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर आणायचा सरकारी परवाना, नसेल तर त्या ऑफरवर स्किल्ड वर्कर हा नोकरीचा व्हिसा मिळत नाही.

"सगळे सारखेच" हे त्यातलं सर्वांत घातक वाक्य. काही व्हिसा कंपनीच्या हातात असतात, काही तुमच्या स्वतःच्या. कॅनडाची एक्सप्रेस एन्ट्री ही पीआरसाठीची योजना वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजते. मार्च २०२५पासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुणच काढून टाकलेत. तिथे निवड झाली तर थेट पीआर मिळते, त्यामुळे पुढे नोकरी गेली तरी राहण्याचा हक्क जात नाही.

कंपनीच्या हातातला व्हिसा म्हणजे काय, हे मी माझ्या मित्राच्या घरी पाहिलं. एच-वन-बीवर होता, पगार चांगला होता, कपातीत नोकरी गेली. त्या रात्री फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्याने ६० चौकोन मोजले. नोकरी गेल्यावर तिथे राहता येतं ते शेवटच्या कामाच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस, शनिवार-रविवार धरून. नुसती नवी नोकरी मिळून भागत नाही, त्या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हावा लागतो. त्याआधी एलसीएसाठी, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायच्या मंजुरीसाठी, साधारण सात कामाचे दिवस जातात. मुलाखतीची तिसरी फेरी ठरली तेव्हा ४१ चौकोन खोडलेले होते. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्स इन डिमांड व्हिसावर अशा वेळी एका खेपेला १८० दिवस मिळतात. हा फरक पगाराच्या आकड्यात कुठे दिसतो?

आणि पगाराचंच बोलायचं तर ब्रिटनचा हेल्थ सरचार्जही धरा, म्हणजे व्हिसासोबत भरायचे सरकारी आरोग्यसेवेचे पैसे. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, तेही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचे आगाऊ. नवरा-बायको, तीन वर्षं: ६,२१० पौंड. कंपनी भरत नसेल तर हे तुमच्या खिशातून जातात.

राहिली "आपोआप" पीआर. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांना जन्मदेशानुसार सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची. तिथे हुशारी, पगार, प्रामाणिकपणा यांतलं काहीही ती रांग पुढे सरकवत नाही. जर्मनीच्या ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरीच्या परवान्यावर, मात्र तुमच्या हातात काहीतरी आहे. ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन येत असेल तर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची येत असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिने वाचतात ते भाषेमुळे. निघायचं ठरत असेल तर क्लास आत्ताच लावा, तिकडे गेल्यावर नोकरी सांभाळून तो फार जड जातो.